कार्बन स्टीलची चायनीज कढई: घरच्या शेगडीवर गाडीची चव कितपत येते?

एके काळी केवळ हॉटेलवाल्यांसाठी ठेवली जाणारी कार्बन स्टीलची चायनीज कढई गेल्या काही वर्षांत घरगुती ग्राहकांनाही सहज मिळू लागली आहे, आणि तिच्या वेष्टनावर बहुधा एकच आश्वासन छापलेले असते: हॉटेलसारखे चायनीज आता घरच्या घरी. हे परीक्षण जितके कढईचे आहे तितकेच त्या आश्वासनाचेही आहे. परीक्षणासाठी घेतलेली कढई कोणत्याही नामांकित कंपनीची नाही. ती १४ इंच व्यासाची, सुमारे दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची, एका बाजूला लांब लाकडी दांडा आणि समोरच्या बाजूला छोटा कान असलेली आहे. अशा कढया हॉटेलचे सामान विकणाऱ्या बहुतेक दुकानांत आणि आता ऑनलाइनही, आकार व जाडीनुसार साधारण हजार ते अडीच हजार रुपयांत मिळतात.

चव कशाशी ताडून पाहायची, हे आधी ठरवले पाहिजे. चीनमधील ग्वांगझू किंवा चेंगदू येथील स्वयंपाक हा येथे निकष नाही. आपल्याकडे संध्याकाळी 'आज चायनीज मागवू या' असे कोणी म्हटले, तर मनात येते ती कोपऱ्यावरची लाल रंगाची गाडी, तिच्यावरचा भडकलेला जाळ, कढईवर आपटणाऱ्या पळीचा आवाज आणि लसूण-मिरचीचा रस्त्याच्या पलीकडे पोहोचणारा ठसका. हे चायनीज कोलकात्यात स्थायिक झालेल्या हक्का या चिनी समाजाच्या खाणावळींतून पुढे आले आणि मुंबईने त्याला स्वतःचे वळण दिले. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये चिकन मंचुरियन प्रथम केले, असे सर्वत्र सांगितले जाते. लसूण, आले आणि हिरवी मिरची तेलात परतायची, पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालायचा आणि रस कॉर्नफ्लोअरने दाट करायचा, एवढीच त्यामागची कल्पना होती. क्लबातून हा पदार्थ गाडीवर उतरला आणि गाड्यांनी त्यात चायनीज भेळ, ट्रिपल शेजवान राइस अशी भर घातली. या पदार्थांचा चीनशी संबंध नावापुरता असला, तरी त्याबद्दल नाक मुरडण्याचे काही कारण नाही. हा आता स्वतंत्र पाकप्रकार आहे, त्याच्या बऱ्या-वाईटाच्या कसोट्याही स्वतंत्र आहेत, आणि म्हणून कढईची परीक्षा याच पदार्थांवर घेतली आहे.

प्रथम धातूविषयी. कार्बन स्टीलमध्ये कार्बनचे प्रमाण फार तर एक-दीड टक्का असते, तर बिडामध्ये ते साधारण दोन ते चार टक्के असते. बीड ठिसूळ असल्याने भांडे जाड ओतावे लागते, कार्बन स्टीलचा मात्र पातळ पत्रा ठोकून किंवा दाबून आकार देता येतो. बिडाचा तवा सावकाश तापतो आणि तापल्यावर उष्णता धरून ठेवतो, म्हणून घावन आणि आंबोळ्यांना तो उत्तम. चायनीजसाठी नेमका उलटा गुण हवा असतो. आच वाढवली की भांडे लगेच तापले पाहिजे आणि लसूण करपू लागताच आच कमी केली की लगेच निवलेही पाहिजे. या बाबतीत कढईला पैकीच्या पैकी गुण द्यावेत अशी ती आहे. तिचे वजन दीड किलोच्या आसपास भरते, त्यामुळे दांडा धरून एका हाताने भात उसळणे थोड्या सरावाने जमते. त्याच मापाच्या बिडाच्या कढईने असे करू पाहणाऱ्याचे मनगट दुसऱ्या दिवशी कामातून जाईल.

बुडाबाबत परदेशी सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. विजेच्या सपाट शेगड्यांवर स्वयंपाक करणाऱ्यांना सपाट बुडाची कढई घेण्यास सांगितले जाते आणि ते त्यांच्यासाठी योग्यच आहे, पण आपल्या गॅसच्या शेगड्या मुळातच गोल बुडाच्या कढया डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या असतात. गोल बुडाची चायनीज कढई त्यांच्या चार पायांच्या जाळीवर नीट बसते, ज्योत तिच्या बुडाला सर्व बाजूंनी वेढते, आणि अगदी चमचाभर तेलही मध्यभागी साचून राहते. सपाट बुडाच्या कढईत हेच तेल पसरते आणि बुडाच्या कडेला जिथे वळण सुरू होते, त्या खाचेत पळी नीट फिरत नाही. घरात केवळ इंडक्शनची शेगडी असेल तर सपाट बुडाशिवाय पर्याय नाही, परंतु तेथे फक्त बूड तापते, बाजू जवळजवळ थंड राहतात आणि कढई उचलताच शेगडी बंद पडते. अशा घरांनी या कढईवर पैसे खर्च करावेत असे मला वाटत नाही.

नवी कढई थेट वापरता येत नाही, आणि दुकानदार हे बहुतेक वेळा सांगत नाहीत. वाटेत गंज चढू नये म्हणून तिच्यावर कारखान्यात तेलाचा किंवा लाखेसारख्या पदार्थाचा पातळ थर दिलेला असतो. तो गरम पाणी, साबण आणि तारेच्या घासणीने पूर्ण काढावा लागतो. त्यानंतर कढई कोरडी करून मोठ्या आचेवर फिरवत तापवली की करडा धातू आधी पिवळसर, मग निळसर होतो. हा रंगबदल प्रत्येक भागावर आला पाहिजे, आणि त्यासाठी कढई तिरपी धरून कडाही ज्योतीवर आणाव्या लागतात. मग तेलाचे अगदी पातळ पोतेरे फिरवावे, इतके पातळ की पुसून काढल्यासारखे वाटावे, आणि धूर येऊन थांबेपर्यंत पुन्हा तापवावे. तेल उष्णतेने घट्ट होऊन धातूला धरते आणि असे थर चढत गेले की भांडे काळे, गुळगुळीत आणि न चिकटणारे होते. बिडाचा तवा ज्यांनी तयार केला आहे त्यांना यात नवीन काहीच नाही. या कामासाठी जवसाचे तेल वापरण्याची शिफारस वाचायला मिळते, पण त्याचा थर दिसायला सुरेख असला तरी जोराच्या आचेत पापुद्रे धरून सुटतो अशी तक्रारही तितकीच ऐकू येते. साधे रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल पुरते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवावा, कारण धूर अपेक्षेपेक्षा बराच होतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे आच. गाडीवरच्या जेवणात जो किंचित धुरकट, खमंग वास असतो, तो चीनच्या कँटन भागातील स्वयंपाकात वोक-हेइ, म्हणजे कढईचा श्वास, या नावाने ओळखला जातो. खूप तापलेल्या धातूवर पदार्थाचा पृष्ठभाग क्षणात भाजला जाणे, सोया सॉस कढईच्या कडेवर चरचरून करपण्याच्या बेतात येणे आणि उसळताना तेलाच्या बारीक थेंबांनी जाळ पकडणे, या सगळ्यांच्या मेळातून तो तयार होतो. आपल्या घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरची ताकद साधारण दोन किलोवॉटच्या आसपास असते आणि हॉटेलच्या चायनीज शेगडीची ताकद सहज त्याच्या दहापट किंवा त्याहून अधिक असते. वेष्टनावरचे आश्वासन येथेच अडते, कारण कढई कितीही चांगली असली तरी ती आच निर्माण करत नाही.

हे अंतर किती आहे ते थोड्या गणिताने स्पष्ट होते. १०० ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे २२६ किलोज्यूल उष्णता लागते. घरच्या बर्नरची अर्धी ताकद, म्हणजे साधारण एक किलोवॉट, प्रत्यक्ष पदार्थापर्यंत पोहोचते असे धरले, तर तेवढे पाणी उडवण्यास पावणेचार मिनिटे लागतात. कोबीमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. चार जणांसाठीचा कोबी, गाजर, ढोबळी मिरची आणि फरसबी एकदम कढईत टाकली की भाज्यांना पाणी सुटते, ते उडण्याइतकी उष्णता उरत नाही, आणि तापमान शंभर अंशांवर अडकून पडते. पदार्थ भाजला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजतो. घरच्या फ्राइड राइसला खिचडीचे रूप येते ते बहुधा यामुळेच, आणि दोष मात्र तांदळाला किंवा सॉसला दिला जातो.

यावर उपाय एकच आहे आणि तो फुकट आहे: एका वेळी एकच प्लेट करावी. गाडीवालाही दहा प्लेटची ऑर्डर आली म्हणून दहाही प्लेट एकाच कढईत कोंबत नाही, तर एक-दोन प्लेटचा घाणा काढून पुढचा लावतो. त्याच्याकडे आपल्या दहापट आच असताना तो जी शिस्त पाळतो, ती आपण पाळत नाही. दोन वाट्या भात आणि एक वाटी भाजी एवढाच ऐवज घेतला, कढई आधी धूर येईपर्यंत तापवली आणि भाज्या वेगळ्या परतून बाजूला काढून शेवटी भातात मिसळल्या, तर घरच्या दोन किलोवॉटवरही गाडीच्या बरीच जवळ जाणारी चव येते. धुराचा वास पूर्णपणे येत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्यासाठी गाड्यांवर दिसणारी मोठ्या दाबाची शेगडी आणि रेग्युलेटर घरात आणण्याचा मोह काहींना होतो, पण तो टाळावा. घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब मुद्दाम कमी ठेवतो. बंद स्वयंपाकघर, रबरी नळी आणि उंच जाळ यांचा मेळ एका प्लेटच्या चवीसाठी पत्करण्यासारखा नाही.

फ्राइड राइसमध्ये ही कढई आपली किंमत पुरेपूर वसूल करते. भात मात्र आधीचा हवा. नुकताच शिजलेला भात बाहेरून ओलसर आणि चिकट असतो, तर निवल्यावर त्यातील स्टार्च पुन्हा घट्ट होते, दाण्याचा पृष्ठभाग कोरडा पडतो आणि दाणे पळीच्या मारानेही मोडत नाहीत. आंबेमोहोर आणि इंद्रायणी हे आपले लाडके तांदूळ चिकटपणामुळेच लाडके आहेत आणि नेमके त्यामुळेच येथे निरुपयोगी आहेत. लांब दाण्याचा, जुना, शक्यतो सेला तांदूळ घ्यावा आणि तो किंचित कच्चट ठेवून पाणी काढून टाकावे. भात आदल्या रात्रीचा वापरायचा असेल, तर तो ओट्यावर तसाच ठेवू नये, ताटात पसरून लवकर निववावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू तग धरून राहतात आणि उबदार हवेत वाढून विष तयार करतात. या विषाचा एक प्रकार नंतर कितीही तापवले तरी नष्ट होत नाही, त्यामुळे 'पुन्हा परतणारच आहोत' ही समजूत येथे उपयोगाची नाही.

तेलाचीही निवड करावी लागते. घाण्याचे शेंगदाणा तेल आता पुन्हा लोकप्रिय झाले आहे आणि कोशिंबिरीच्या फोडणीत त्याला तोड नाही, पण ते साधारण १६० अंशांच्या आसपास धूर सोडू लागते. तेच तेल रिफाइंड असेल तर सुमारे २३० अंशांपर्यंत टिकते. या कढईसाठी रिफाइंडच योग्य. तापलेल्या तेलात आधी बारीक चिरलेला लसूण, लगेच आले आणि हिरवी मिरची, मग भात, आणि भात कडकडीत तापल्यावर सोया सॉस, हा क्रम ठेवावा. सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या उघड्या, तापलेल्या कडेवरून सोडावा. क्षणभर तो फसफसतो, वास बदलतो आणि मग भातात मिसळतो. एवढ्या एका हालचालीने पडणारा फरक मला तरी महागड्या सॉसच्या बाटलीने पडलेला दिसला नाही. पांढऱ्या मिरीची पूड आणि कांद्याची पात आच बंद करताना घालावी.

नूडल्सबाबत थोडक्यात सांगायचे तर कढई पहिले काही दिवस दगा देते. तेलाचे थर पुरेसे चढेपर्यंत उकडलेल्या नूडल्स बुडाला चिकटतात, आणि खरवडायला गेले की तयार झालेला थरही निघतो. त्यामुळे सुरुवातीला कढईत पुऱ्या, भजी, चकल्या तळाव्यात, थर आपोआप बसतो. नंतर नूडल्स एक मिनिट कमी उकडून, थंड पाण्याखाली धुऊन, तेलाचा हात लावून घेतल्या तर तक्रारीला जागा राहत नाही.

शेजवान चटणीवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण गाडीच्या चवीचा प्राण तीच आहे. बाजारातील तयार चटण्या वाईट नाहीत, पण बहुतेकींत गोडवा आणि आंबटपणा पुढे येतो आणि लसूण मागे पडतो. घरी करायची तर रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी थोडी संकेश्वरी किंवा लवंगी मिरची घ्यावी, देठे व बिया काढून गरम पाण्यात भिजवून बारीक वाटावी. वाटीभर वाटणाला अर्धी वाटी तेल घ्यावे आणि ते जास्त वाटले तरी हात आखडता घेऊ नये, कारण चटणी टिकते ती तेलामुळे. तेलात भरपूर बारीक चिरलेला लसूण आणि त्याच्या निम्मे आले मंद आचेवर परतावे, लसूण तांबूस होण्याआधीच वाटण घालावे आणि तेल सुटेपर्यंत शिजवावे. मीठ, चिमूटभर साखर, थोडा सोया सॉस आणि शेवटी व्हिनेगर. मिळाली तर सेलरीची एखादी बारीक चिरलेली काडी लसणाबरोबर घालावी. गाडीच्या चटणीत तो ओळखू न येणारा वास बऱ्याचदा तिचाच असतो.

ज्या सिचुआन प्रांतावरून या चटणीचे नाव पडले, तेथील स्वयंपाकात जिभेला मुंग्या आणणारी एक मिरी असते. आपल्या गाडीवर ती कधीच पोहोचली नाही. गंमत अशी की कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडणारे तिरफळ आणि ती मिरी ही एकाच वनस्पती-प्रजातीतील, म्हणजे झँथॉक्झायलममधील, जवळची नातलग आहेत, आणि तिरफळानेही जीभ तशीच किंचित बधिर होते. बिया काढलेली, कोरडी भाजून कुटलेली दोन-तीन तिरफळे चटणीत घातली तर ती गाडीची चटणी राहत नाही, पण जे होते ते मला अधिक आवडले. ज्यांना तिरफळाचा वास फक्त माशाशीच जोडलेला आहे त्यांनी या वाटेला न गेलेले बरे.

चटणी शिजवण्यासाठी मात्र ही कढई वापरू नये, आणि तिची खरी मर्यादा येथेच दिसते. व्हिनेगर, टोमॅटो केचप, लिंबू अशा आंबट पदार्थांनी तेलाचा थर विरघळू लागतो. कढईवर राखाडी डाग दिसतात आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. फ्राइड राइसमध्ये शेवटी घातलेले चमचाभर व्हिनेगर चालते, कारण ते दोन मिनिटेही कढईत राहत नाही. मंचाव सूप किंवा पंधरा मिनिटे रटरटणारी आंबट-तिखट ग्रेव्ही यांच्यासाठी स्टीलचे पातेलेच बरे.

मंचुरियनचे त्यामुळे दोन भाग पडतात. गोळे तळण्यासाठी कढई उत्कृष्ट आहे. गोल बुडामुळे कमी तेलात खोली मिळते आणि पसरट तोंडामुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. कोबी किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घेतला तर मैदा व कॉर्नफ्लोअर कमी लागते आणि गोळे पिठूळ होत नाहीत. ड्राय मंचुरियन कढईतच करावे. ग्रेव्ही हवी असेल तर ती पातेल्यात करावी, आणि कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून शेवटी, ढवळत घालावे. व्हिनेगर त्याच्याही नंतर, कारण आंबटात फार वेळ उकळल्यास दाटपणा मोडतो आणि ग्रेव्ही पुन्हा पातळ होते.

रंगाच्या बाबतीत घरचा पदार्थ गाडीपेक्षा उणा दिसणारच, आणि तसा तो दिसू द्यावा. गोबी मंचुरियनच्या भडक रंगावरून कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये त्यातील कृत्रिम रंगांवर बंदी घातली, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेने हा पदार्थ गाड्यांवर विकण्यासच मनाई केली. ब्याडगीचे वाटण आणि गडद सोया सॉस यांनी येणारा तांबूस-तपकिरी रंग ताटात पुरेसा देखणा असतो.

सॉसच्या बाटल्या घेताना मागचा मजकूर वाचावा. काही सोया सॉस सोयाबीन आंबवून केलेले असतात, तर काही वनस्पतिजन्य प्रथिनांचे आम्लाने विघटन करून, त्यात कॅरामेलचा रंग मिसळून केलेले असतात. गाडीच्या चवीसाठी दुसरा प्रकार चालतो, किंबहुना ती चव बऱ्याच अंशी त्याचीच असते, पण तो खारट असल्याने वेगळे मीठ हात राखून घालावे.

अजिनोमोटोचा विषय टाळता येणार नाही, कारण 'घरचे चायनीज पौष्टिक, त्यात अजिनोमोटो नसतो' हे वाक्य ऐकल्याशिवाय घरचे चायनीज खायलाच मिळत नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट हे चव आणणारे द्रव्य वेगळे केले आणि पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो या नावाने बाजारात आले. त्याच्याविषयीचा संशय मुख्यतः १९६८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेल्या एका पत्रापासून वाढला. त्यानंतरच्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणातील सेवनाने त्रास होतो असे सातत्याने दिसून आलेले नाही. टोमॅटो आणि मुरलेल्या चीजमध्येही ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असते. मिठात सुमारे ३९ टक्के सोडियम असते, तर अजिनोमोटोत १२ टक्के, त्यामुळे मीठ थोडे कमी करून प्लेटमागे चिमूटभर अजिनोमोटो घालणे हा काही अपराध नाही. ज्यांना नको असेल त्यांनी घालू नये, पण मग चव अगदी गाडीसारखी का येत नाही हे कढईला विचारू नये.

घरात असलेल्या इतर भांड्यांशी तुलना करता चित्र मिश्र आहे. नॉन-स्टिक कढई या कामासाठी मुळीच योग्य नाही, कारण तिच्यावरचे टेफ्लॉनचे आवरण साधारण २६० अंशांपुढे विघटित होऊ लागते आणि रिकामी कढई धूर येईपर्यंत तापवणे ही तर चायनीजची पहिली पायरी आहे. हिंडालियमची कढई चटकन तापते, पण पदार्थ तिला चिकटतो. बाजारात वजनावर मिळणारी साधी लोखंडी कढई मात्र या नव्या कढईची खरी स्पर्धक आहे. ती घरात असेल, तिचा पत्रा फार जाड नसेल आणि ती भाज्यांनी काळीभोर झालेली असेल, तर फ्राइड राइस तिच्यातही जवळजवळ तितकाच चांगला होतो. फक्त तिला लांब दांडा नसतो आणि ती खोलगट असते, त्यामुळे उसळण्याऐवजी दोन उलथण्यांनी परतावे लागते. उसळण्याची हौस नसणाऱ्याने अशी कढई असताना नवीन घेण्याची घाई करू नये.

निगा राखणे कष्टाचे नाही, पण त्यात सवलतही नाही. वापरल्यावर कढई गरम असतानाच पाण्याने आणि मऊ घासणीने धुवावी, पुन्हा शेगडीवर ठेवून पूर्ण कोरडी करावी आणि तेलाचे बोट फिरवावे. कामाला येणाऱ्या मावशींना हे सांगून ठेवणे आवश्यक आहे, कारण काळे भांडे दिसले की ते तारेने घासून चकचकीत करणे हा त्यांच्या दृष्टीने चोख कामाचा पुरावा असतो. मुंबई आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलसर ठेवलेली कढई रात्रीतून तांबूस होते. गंज घासून निघतो आणि थर पुन्हा चढवता येतो, त्यामुळे भांडे वाया जात नाही.

कोणी घ्यावी, हे घरातील माणसांच्या संख्येवर आणि जेवणाच्या रीतीवर अवलंबून आहे. दोघांच्या-तिघांच्या घरात, किंवा जिथे पहिली प्लेट पहिल्याला देऊन दुसरी करायला कोणाची हरकत नसते, तिथे ही कढई दीड हजार रुपयांना स्वस्तच म्हणावी लागेल. सहा जणांनी एकत्र पंगतीला बसायचे आणि वाढणारीने शेवटी खायचे, अशी पद्धत असेल तर एक-एक प्लेटचा हा स्वयंपाक जाचक ठरतो, आणि सगळे एकदम करायचे म्हटले की कढईचा लाभ उरत नाही. मापाबाबत दुकानदार १४ इंची कढईच पुढे करतो, कारण हॉटेलवाले तीच नेतात. तीन किंवा चार बर्नरच्या रुंद शेगडीवर ती शोभते. दोन बर्नरच्या शेगडीवर तिचा काठ शेजारच्या बर्नरवर येतो आणि तिथे चहाचे आधणही ठेवता येत नाही. तेथे १२ इंची मागावी, आणि झाकण सोबत येत नसल्याने घरातले एखादे परातीवजा ताट बसते का, ते माप घरूनच घेऊन जावे.